गुलाबी मुठीचा लेथ

४ सप्टेंबर

दादा,

प्रदर्शनाचं पत्रक आलं. नोव्हेंबरचा पहिला शनिवार-रविवार, हॉल तोच, यंदा वरचा मजलाही घेतलाय. ही छोटी चालती यंत्रं बनवणारी मंडळी दर वर्षी कुरकुरतात की आता हा छंद कोणाला राहिला नाही, आणि दर वर्षी जागा मात्र वाढवून घेतात.

तू शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने ये. गेल्या वर्षी खाट कुरकुरते म्हणून तू जमिनीवर झोपलास आणि मग दोन दिवस कंबर धरून हिंडलास. खाटेचे चारही बोल्ट काढून खाली रबर घातलंय. आता हूं की चूं नाही.

माझं वाफेचं उभं इंजिन बरंच पुढे गेलंय. वीतभर उंचीचं आहे, पण जीव खातं. फ्लायव्हील झालं, सिलिंडर आतून गुळगुळीत झाला, दट्ट्या त्यात घालून वरून बोट ठेवलं की सावकाश उतरतो, तू म्हणाला होतास तस्सा. अडतीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, अर्ध्या शहराच्या तोंडात माझं काम आहे, पण बोटाखाली इतकं छान काही सरकल्याचं आठवत नाही. मेण आणि प्लास्टर सोडून काही न येणाऱ्या बाईला, ती साठीला टेकल्यावर, तू लेथवर धातू कातायला शिकवलंस. कारखान्याच्या टूलरूममधले तुझे जुने सोबती ऐकून हसले असतील.

दातांच्या लॅबमधल्या मुलीही मागे लागल्यात, यंदा आम्हालाही ने म्हणून. तू असशील तर त्यांना सांभाळून घेशील.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर आपली गाडी ‘बरा आहेस ना’च्या पुढे जात नाही.

ठकू


१९ सप्टेंबर

ठकू,

पत्र मिळालं. यंदा जमणार नाही. गुडघे बोलतात. प्रवास लांबचा आहे. शिवाय इथे मुलाकडे पाहुण्यांची ये-जा असते, घर सोडून निघणं बरं दिसत नाही.

माझ्या छोट्या रेल्वे इंजिनाचं काम व्यवस्थित चाललंय. बॉयलरचं काम हातात आहे. गेल्याच आठवड्यात लेथवर त्याच्या चाकांचे पितळी बुश कातून काढले. चांगले आले.

अक्षर बघून चकित होऊ नकोस. मुलाच्या कॉम्प्युटरवर पत्रं छापायला शिकलोय. माणसाने नवीन शिकत राहावं.

लॅबच्या मुलींना घेऊन जा. वरच्या मजल्यावर काय आहे ते कळव.

दादा


१० नोव्हेंबर

दादा,

प्रदर्शन परवा संपलं. तू कळव म्हणालास, म्हणून कळवते.

आधी चांगलं सांगते. दारातच तेल आणि गरम पितळेचा तो वास, आणि पाय आपोआप भरभर पडायला लागले. हिरवी कापडं घातलेली टेबलं, प्रत्येकामागे एक माणूस, आणि प्रत्येक माणसाला वाटतं की आपल्यापाशी येणारा फक्त आपल्यासाठीच घरून निघालाय. एका निवृत्त टपाल कारकुनाने बावीस वर्षं खपून कापडाचा माग केलाय, चपलेच्या खोक्यात मावेल एवढा. धोटा खरंच इकडून तिकडे पळतो. बोटभर रुंदीची पट्टी विणून झाली होती. मी विचारलं, ‘‘याचं काय करणार?’’ ते म्हणाले, ‘‘काही नाही. पुढची विणणार.’’

वरच्या मजल्यावर घड्याळवाले बसवलेत. साठ-सत्तर घड्याळं, एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. ड्रिलच्या दुकानात मी बारीक ड्रिल निवडत होते तर विकणारा म्हणाला, ‘‘बाई, साहेबांना कुठला नंबर हवाय ते लिहून आणलंय का?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब मीच.’’ बिचाऱ्याने दोन ड्रिल फुकट दिले.

मुली आल्या होत्या. खूप हसलो.

आता दुसरं. तळमजल्यावर शेवटच्या रांगेत जुन्या अवजारांचे विक्रेते असतात, तुला ठाऊक आहे, आपण दर वर्षी तिथेच तासभर अडकतो. गावोगाव फिरून माल गोळा करणारा एक जाडा विक्रेता होता. त्याच्याकडे कानशींचे ढीग, लोखंड पकडायचा शेगडा, आणि मागे एका लाकडी चौकटीवर लेथ. मी पाठमोरी होते. वळले आणि मला आधी मूठ दिसली.

गुलाबी मूठ. दादा, जगात एकाच लेथला कवळीच्या हिरडीच्या मसाल्यातून ओतलेली गुलाबी मूठ आहे, आणि ती मी ओतलीय. तुझी जुनी मूठ फुटली तेव्हा थट्टा म्हणून बनवून आणली होती, आणि वहिनी म्हणाली होती, ‘‘आता याला दातही बसवा, म्हणजे जेवायलाच बसेल.’’ तू ती कधी काढली नाहीस.

मी विक्रेत्याला विचारलं, ‘‘हा कुठून आणलात?’’

‘‘एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून. एप्रिल संपता संपता. फार नीट ठेवलेला माल आहे. ही मूठ तेवढी बदलून घ्या.’’

‘‘का विकला त्यांनी?’’

‘‘मी नाही विचारत, बाई. विचारलं की लोक रडतात, आणि मग विकत नाहीत.’’

एप्रिलमध्ये विकलेल्या लेथवर तू सप्टेंबरात बुश काढलेस!

मी तिथेच उभी राहिले. मग एक बाई आली, चाळिशीची, हाताला काळं लागलेलं, शिलाई मशिनी दुरुस्त करते म्हणाली. तिने लेथचं चाक फिरवून पाहिलं, कान लावला, खाली वाकून पाय पाहिले. तिला घ्यायचाय हे मला कळलं. मला ओरडावंसं वाटलं की हा विकायचा नाही. पण मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्या बारक्या लेथलाच जेमतेम जागा आहे. मी तिला एवढंच सांगितलं की आडव्या सरकत्या भागाला अर्धा फेरा ढिलाई आहे, तेव्हा माप घेताना नेहमी एकाच बाजूने यायचं. आणि थंडीत पहिली पाच मिनिटं त्याला नुसतं फिरू द्यायचं. ती म्हणाली, ‘‘तुमचा होता का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, भावाचा.’’ ‘‘गेले का ते?’’ मी नाही म्हटलं. पण तू कसा आहेस हे मला खरोखर माहीतच नव्हतं.

दोघा माणसांनी तो उचलून तिच्या टेम्पोत ठेवला. मूठ नाही बदलणार म्हणाली.

मला राग आलाय. पत्र छापून पाठवू नकोस. मला तुझं अक्षर हवंय.

ठकू


९ डिसेंबर

ठकू,

हे पान पाच दिवसांचं आहे. रोज चार-सहा ओळी होतात. वाचता आलं नाही तर माझी चूक, तुझ्या चष्म्याची नव्हे.

तुला अक्षर हवं होतं. बघ. उजवा हात थरथरतो. गेल्या हिवाळ्यात अंगठ्यापासून सुरू झालं, आता मनगटापर्यंत. मी एकटाच डॉक्टरकडे गेलो. कंपवात म्हणाले. गोळ्या चालू आहेत. घरी सांगितलं की वयाचं आहे.

मार्चमध्ये एक पितळी तुकडा लेथला लावला होता. तो आवळताना हाताला जोर राहिला नाही हे मला कळलंच नाही. पन्नास वर्षं हाताने आपोआप केलेली गोष्ट, तिच्याकडे कोण बघतं? मशीन सुरू केलं आणि तुकडा सुटून माझ्या कानाशेजारून भिंतीवर गेला. भिंतीत बोटभर खड्डा पडला. मी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिलो. टूलरूममध्ये नव्या पोरांना याच एका चुकीसाठी मी बाहेर काढत असे.

शिवाय लेथ खालच्या गॅरेजात होता, मुलाच्या गाडीशेजारी. सूनबाई एकदा म्हणाली होती, ‘‘बाबा, सायकली कुठे ठेवायच्या हो आता?’’ मी मनात म्हटलं, समजलो. विक्रेत्याला फोन केला. मुलाला सांगितलं, कंटाळा आला त्याचा. तो बरं म्हणाला. एका शब्दाने विचारलं नाही. ते लागलं मला.

रेल्वे इंजिन अर्धवट आहे, माळ्यावर. तुला खोटं लिहिलं कारण तुझ्या पत्रात तरी मी अजून काम करत होतो.

त्या बाईला अर्ध्या फेऱ्याचं सांगितलंस, फार बरं केलंस. ते मी विक्रेत्याला सांगायला विसरलो होतो आणि मला टोचत होतं.

आता तू. लॅबमधल्या मुली. सहा वर्षांत त्यातल्या एकीबद्दलही तू मला ओळभर लिहिलं नाहीस, कोण उंच, कोण बडबडी, कोण तिखट. तू खोक्यातल्या मागाबद्दल पानभर लिहिणारी बाई. ‘मुली आल्या होत्या, खूप हसलो’ यावर मी विश्वास ठेवू?

दादा


१५ डिसेंबर

दादा,

नाही ठेवलास तेच बरं.

कोणी आलं नाही. कोणाला बोलावलंच नव्हतं. मी निवृत्त झाले त्या वर्षी ती लॅब दुसऱ्या इमारतीत गेली, मी एकदा भेटायला गेले तर दारातली मुलगी म्हणाली, ‘‘माप द्यायला आलात का?’’ तिला वाटलं मला कवळी हवीय. मी हो म्हणाले आणि परत येते सांगून निघाले. नंतर गेले नाही.

शनिवारी दुपारी मी हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले. दर वर्षी तू सोबत असायचास, तेव्हा माझ्या लक्षात नव्हतं आलं की त्या दोन दिवसांत मी जेवढं बोलते तेवढं बाकीच्या वर्षात बोलत नाही. रविवारी गेले ती फक्त यासाठी की सोमवारी कोणी विचारलं, कसं झालं, तर सांगता यावं. सोमवारी कोणी विचारलं नाही. म्हणून तुला लिहिलं.

आता ऐक, आणि मोठेपणा बाजूला ठेव. दोन गोष्टी कर. एक, भाच्याला सांग. तो त्रेचाळीस वर्षांचा बाप्या आहे, त्याला कंपवात म्हणजे काय ते कळतं. दुसरी, इथे ये. गुडघ्यांचं कारण देऊ नकोस, गुडघे धड आहेत हे आता मला ठाऊक आहे. माझं इंजिन जुळवून झालं आणि ते चालत नाही. दोन फेरे घेतं, उचकी दिल्यासारखं करतं आणि थांबतं. मी आठ वेळा सगळं सोडून परत जोडलं. मला तुझे हात नकोत, माझे आहेत. मला तुझे कान हवेत.

ठकू


२ फेब्रुवारी

दादा,

तू इथून परत गेलास त्याला आज चार दिवस झाले. फलाटावर मी म्हटलं, ‘‘पाणी घेतलंस ना?’’ आणि तू म्हणालास, ‘‘घेतलं.’’ त्यावरच गाडी सुटली. दोघांची मिळून एकशे चौतीस वर्षं वय, आणि निरोपाला पाणी.

जे बोलायचं होतं ते लिहिते.

ते दहा दिवस. तू स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून, डोळे मिटून. मी हाताने फ्लायव्हील फिरवतेय. ‘‘परत. सावकाश. परत.’’ आणि मग ‘‘ठकू, झडप लवकर उघडतेय. दट्ट्या वर पोहोचायच्या आतच वाफ त्याच्या डोक्यात बसतेय. बिचारा जाईल कुठे?’’ मी झडपेची कडी केसभर मागे घेतली. परत केसभर. तिसऱ्यांदा स्पिरिटचा दिवा लावला, पाणी उकळलं, आणि ते सुरू झालं ते सुरूच. साडेचार मिनिटं. तू हात बाहेर काढलेस आणि थरथरत्या बोटाने टेबलावर त्याच्या ठेक्यात ठोकत राहिलास. पाणी संपल्यावर ते थांबलं. तुझं बोट त्याच्या नंतर थांबलं. ते माझ्याच्याने बघवेना म्हणून मी चहा ठेवायला उठले.

तू पाहिलं असशील की आतली खोली मी रिकामी केली होती. कपाट हलवलं, वरचा कप्पा मोकळा ठेवला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. मी तुला म्हटलं नाही की राहा. मला वाटलं तू आपणहून म्हणशील. तू दांडीकडे पाहिलंस, हलवून पाहिलीस, ‘‘स्क्रू चांगले पकडलेत’’ म्हणालास, आणि परतीचं तिकीट खिशातून काढून परत ठेवलंस.

तर आता सरळ विचारते. इथे येऊन राहशील का? कायमचा. जिने तीन आहेत, पण चढायची घाई कोणाला आहे?

भाच्याला सांगितलंस का? दहा दिवसांत मी तीनदा विचारलं, तू तिन्ही वेळा हवामानावर बोललास.

ठकू


२७ फेब्रुवारी

ठकू,

दांडी पाहिली तेव्हाच कळलं. तिकीट हातात धरून मी तिथे उभा होतो तो तिकीट बघायला नव्हे. तू विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो. म्हणून विचारलं नाहीस ते बरंच झालं. तुझ्याकडे येऊन राहिलो तर वर्षभरात तू लेथवर कापड घालशील आणि माझ्या सदऱ्याची बटणं लावत बसशील. मी ओळखतो तुला. आपल्या आईच्या शेवटच्या चार वर्षांत तू हेच केलंस, आणि मी लांब राहून पत्रं लिहिली.

पण हे खरं कारण निम्मंच आहे. बाकीचं निम्मं गेल्या रविवारी घडलं.

मी मुलाला सांगितलं. सकाळी, सूनबाई बाहेर गेली होती. म्हटलं, ‘‘हा हात वयाने हलत नाही.’’ तो म्हणाला, ‘‘माहीत आहे, बाबा.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तुम्ही पेला डाव्या हाताने धरायला लागलात तेव्हापासून. तुम्ही लपवता, म्हणून आम्ही बघत नाही.’’

मग मी लेथचं बोललो. म्हटलं, अडचण होत होती तुमची, मला कळत होतं. तो म्हणाला, ‘‘सायकलींसाठी तिने भिंतीवर हुक आणून ठेवले होते. ठोकायला तुम्हालाच सांगणार होती, तुम्ही नीट ठोकता म्हणून. तेवढ्यात तुम्ही लेथ विकून मोकळे. मला वाटलं, आई गेल्यावर तुम्हाला ते सगळं नकोसं झालं. म्हणून मी विषय काढला नाही.’’

हुक अजून डब्यात आहेत. त्याने आणून दाखवले.

म्हणजे माझ्या घरातून मला कोणी बाहेर काढलं नव्हतं. मीच निघून खाली गॅरेजात जाऊन उभा होतो, आणि कोणी बोलवायला येत नाही म्हणून रुसलो होतो. लेथ गेला तो गेला. हात गेला तोही जाणारच होता. पण एक वर्ष मात्र मी उगाच घालवलं.

मग त्याने विचारलं, लेथ नक्की करतो काय? त्रेचाळीस वर्षं घरात लेथचं तेल लागलेले टॉवेल पाहिलेला माझा मुलगा पहिल्यांदाच विचारत होता. त्याची चूक नाही. लहानपणी तो दारात यायचा तेव्हा मी ‘‘लांब उभा राहा’’ म्हणायचो, मशीन सुरू आहे म्हणून. तो लांबच राहिला. मी माळ्यावरून रेल्वे इंजिनाचं खोकं उतरवायला लावलं आणि एकेक भाग टेबलावर मांडला. दोन तास गेले. हात हलत होता, भाग टेबलावर खडखडत होते. त्याने माझा हात धरला नाही, नुसतं खाली वर्तमानपत्र घातलं.

म्हणून मी इथेच राहतो, ठकू. माझ्याकडे फार वेळ नाही, आणि त्याला अजून बॉयलर सांगायचाय.

राग धरू नकोस.

दादा


८ मार्च

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भाच्यासाठी आनंद झाला. दुसऱ्यांदा स्वतःसाठी रडले. आता आपलं खोटं लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून दोन्ही लिहिते.

राग नाही. आईचं तू लिहिलंस ते मात्र मला कधी कोणी म्हटलं नव्हतं. ते पत्र वेगळं काढून ठेवलंय.

आतल्या खोलीत कामाचं टेबल हलवलं. स्वयंपाकघरापेक्षा तिथे उजेड छान येतो, इतकी वर्षं मला सुचलं नाही. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई टेबल सरकवल्याचा आवाज ऐकून वर आल्या, काय पडलं बघायला. मी त्यांना इंजिन चालवून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘आणि हे करतं काय?’’ मी म्हटलं, ‘‘चालतं.’’ त्यांनी मान डोलावली, चहा मात्र घेतला नाही. पुन्हा येतीलसं वाटत नाही, पण आता जिन्यात भेटल्या की हसतात.

यंदाच्या प्रदर्शनात मी इंजिन मांडणार आहे. बघायला नव्हे, टेबलामागे बसायला. फॉर्म आणलाय. यंत्राचं नाव, उंची, किती वर्षं लागली, सगळं भरलं. ‘बनवणाऱ्याचं नाव’ इथे मी माझं लिहिलं आणि खाली कंसात ‘कान: भावाचे’ असं लिहिलं. हसतील तर हसू देत.

शेवटी एक रकाना आहे: सोबत किती जण येणार. फॉर्म महिनाअखेरीस द्यायचाय. तू आणि भाचा येत असाल तर दोन लिहीन. जमत नसेल तर तसं कळव, मी शून्य लिहीन. यंदा मुली येणार नाहीत.

तोवर रकाना कोरा ठेवलाय.

ठकू